साकव नावाचा उमेदवार

मी आयुष्यात मत कोणाकोणाला दिलं ते माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आवाज मात्र सगळ्यांना दिला. ह्या पक्षाला दिला, त्या पक्षाला दिला, ह्यातून फुटून त्यात गेलेल्यांना दिला आणि तिथं न जमल्यामुळे परत आलेल्यांनाही दिला. महाडात माझा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. दोन भोंगे, आवाज वाढवायचं एक मशीन, दोन माईक, वायरीची मोठी गुंडाळी आणि गाडीच्या तीन बॅटऱ्या, एवढ्या सामानावर मी बावीस वर्षं महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली लग्नं, पूजा, जयंत्या आणि निवडणुका गाजवल्या. आता तो धंदा राहिला नाही. हल्ली कपाटाएवढाले स्पीकर येतात आणि त्यांच्यापुढे माणसाचं काळीज हलतं. आमच्या भोंग्याने फक्त कान हलायचे.

लोकांना वाटतं, लाऊडस्पीकरवाल्याचं काम म्हणजे वायर जोडायची आणि कोपऱ्यात बिडी ओढत बसायचं. बिडी मी ओढायचो, ते खरं आहे. पण भोंगा कुठल्या झाडाला बांधायचा, त्याचं तोंड कुठल्या वाडीकडे करायचं, माईक भोंग्याच्या समोर येऊन शिट्टी मारणार नाही ह्याची काळजी कशी घ्यायची, ही सगळी विद्या आहे. आमच्या भागात वर डोंगराचा प्रश्न आहे. भोंग्याचं तोंड सरळ डोंगराकडे ठेवलं की बोललेलं परत येतं. पुढारी म्हणायचा, "आम्ही रस्ता करणार!" डोंगर म्हणायचा, "णार... णार..." एकदा एका म्हातारबुवांनी भर सभेत सांगितलं, "बगा, डोंगरबी चिडवतो तुमाला." तेव्हापासून उमेदवाराचे लोक आधी येऊन भोंग्याचं तोंड तपासायला लागले.

ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाजाचं बटण. माईकपुढे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, आपण बोलतोय. खरं म्हणजे बटणावर ज्याचा हात असतो तो बोलत असतो. लाजाळू वधूपित्याचा आवाज मी चढवायचो, घसा ओला करून आलेल्या मामाचा उतरवायचो. बिचाऱ्या मामाला वाटायचं, आपण मांडव डोक्यावर घेतलाय, आणि मांडवात ऐकू येत असायची फक्त त्याची खाकर. एका लग्नात वरमाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आहेर वाचतील ना, तेव्हा आमच्याकडच्यांची नावं जरा मोठ्याने येऊ द्या." पाच मिनिटांनी मुलीची मावशी आली, तिचंही तेच म्हणणं. मी दोघींना हो म्हणालो आणि बटणाला हातही लावला नाही. जाताना दोघींनी मला लाडू जास्त दिले.

निवडणुकीत ह्याच कलेला मोठी किंमत यायची. एका उमेदवाराने तर मला ग्रामदेवतेची शपथ घालून विचारलं, "त्या बाजूचा आवाज जरा फाटका येईल असं काही करता येतं का?" मी म्हटलं, "साहेब, त्यांचा मुळातच फाटका आहे." ते खूष झाले. हेच मी त्या बाजूलाही सांगितलं होतं.

प्रचाराच्या दिवसांत सकाळी ह्यांची जीप आणि दुपारी त्यांची. भोंगा तोच, ड्रायव्हर तोच, फक्त बॉनेटवरचं कापड बदलायचं. आमच्याकडे एक भाऊसाहेब होते. पूर्ण नाव लिहीत नाही, त्यांचे नातू चांगले आहेत. भाऊसाहेब ओळीने तीन निवडणुका लढले, तीन वेगवेगळ्या पक्षांकडून. त्यांच्या कापडी फलकावर नाव पहिल्यापासून तेच राहिलं, पक्षाच्या जागी मात्र ठिगळावर ठिगळ चढत गेलं. भाषणही तेच. मला पाठ होतं. ते खोकायला थांबले की पुढचं वाक्य माझ्या ओठांवर यायचं.

पुढे बिरवाडीजवळ कारखाने आले आणि तिथल्या खोल्यांमधून पाळीवाले कामगार राहायला लागले. तिथं सकाळी नऊ वाजता आम्ही प्रचाराला गेलो की पंचा लावलेला, डोळे लाल झालेला एखादा माणूस बाहेर यायचा. असाच एकजण जीपला आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "रात्रपाळी करून आलोय. एकतर झोप द्या नायतर मत मागा. दोन्ही कसं जमंल?" कार्यकर्ता म्हणाला, "दादा, लोकशाहीसाठी जरा जागं राहायला हवं." तो म्हणाला, "मी जागाच असतो, म्हणून तर तुमाला वळखतो."

हे असं उघड बोलणारे थोडे. बाकीचे गप्प बसायचे. पुढारी समोरून पाहतो तेव्हा लोक माना डोलावतात. मी मशीनच्या बाजूला, जमिनीवर बसून पाहायचो. तिथून दिसायचं की माना डोलतात आणि हाताने गवताची काडी मोडणं चालू असतं. एक मोडून झाली की दुसरी. सभा किती रंगली ते मी उठल्यावर समोर पडलेल्या काड्यांवरून ठरवायचो.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात काड्या फार मोडल्या गेल्या. जानेवारीत दिल्लीसाठी मतं देऊन झाली होती आणि मे महिन्यात पुन्हा मुंबईसाठी द्यायची होती. लोकांच्या बोटावरची शाई धड गेली नव्हती. त्यात कोण कुठल्या पक्षात आहे हे त्या-त्या उमेदवारालाही सकाळी पेपर वाचून कळत असावं.

माझ्या दुकानाला लागून हुसेनचाचांचं चहाचं हॉटेल होतं. चाचा उभी हयात मोठ्या बोटींवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. सगळं जग त्यांनी पाहिलं होतं, पण बहुतेक बटाटे सोलता सोलता. त्यांचा भाचाही बोटीवर होता आणि बंदराबंदरातून पत्रं पाठवायचा. त्या एप्रिलात त्याचं पत्र अमेरिकेतून आलं. चाचांनी ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवलं.

तिकडेही यंदा निवडणूक होती, राष्ट्राध्यक्षाची. भाच्याने लिहिलं होतं की गोदीतली माणसं जाम वैतागली आहेत. महागाईने पिचलीत. जो खुर्चीवर आहे तो नको, जो येऊ बघतोय तो त्याहून नको, आणि मधेच एक तिसरा निघायच्या बेतात आहे त्याचं काही खरं नाही. गोदीतल्या क्रेनवाल्याने तर भाच्याला सांगितलं, मी ह्या वेळी माझ्या कुत्र्याचं नाव लिहून येणार.

"लिहून येणार म्हणजे?" मी विचारलं.

"तिथं मताच्या कागदावर एक मोकळी जागा असते," चाचा म्हणाले. "छापलेल्यातला कोणी नको असला तर आपल्या पसंतीचं नाव लिहायचं."

"आणि कुत्रा निवडून आला तर?"

"तर बरंच की. निदान ओळखीच्या माणसाला चावणार नाही."

हॉटेल हसलं. मी म्हटलं, "चाचा, आपलं बरं आहे. तिकडे दोन-तीनच उभे असतात, आपल्याकडे सहा-सहा." चाचा चहा गाळता गाळता म्हणाले, "अरे दत्ता, पाटीत दोन आंबे सडलेले असोत की सहा, हात घालणाऱ्याला वास सारखाच येतो." पत्र घडी घालून गल्ल्यावरच्या डब्यात गेलं. मी मात्र ती कुत्र्याची गोष्ट डोक्यात घेऊन दोन तालुके फिरलो आणि जिथं भोंगा बांधला तिथं ती सांगितली. लोक हसायचे. फक्त एका गावात कोणी हसलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, नुसतं कोंड म्हणतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून खाली नदीत उतरायचं आणि नदी ओलांडून पलीकडे चढायचं. मे महिन्यात पाणी घोट्याइतकं असतं. मशीन डोक्यावर घेऊन दगडादगडावरून पाय टाकत जाता येतं. पावसाळ्यात मात्र तीच नदी चार महिने कोणाला पलीकडे जाऊ देत नाही. कोंडाला एक साकव हवा होता. साकव म्हणजे चालत जायचा छोटा पूल. मोटारी जायला नको, माणूस गेला म्हणजे झालं. दर निवडणुकीला एकेक उमेदवार येऊन नदीकाठच्या एका मोठ्या खडकावर नारळ फोडून जायचा. गावचे म्होरके राघोदादा म्हणायचे, "आमच्या देवळात फुटलं नसतील येवढं नारळ त्या खडकाव फुटलं. आता त्या खडकालाच शेंदूर लावायचा ऱ्हायलाय."

ते हसून म्हणायचे, पण आदल्या श्रावणात काय झालं होतं ते सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. कोंडातल्या भागाबाईंची सून पहिलटकरीण होती. सुंदरा तिचं नाव. पोट दुखायला लागलं तशी तिला डोलीत घालून नदीपर्यंत आणली. पाणी उतरेना. पलीकडे रस्त्यावर जीप येऊन उभी होती, ती ह्या काठावरून दिसत होती. सकाळपासून दुपारपर्यंत डोली काठावर ठेवून माणसं बसून राहिली. पाणी उतरायच्या आत सुंदरा गेली, पोटातलं पोरही गेलं. जीप वळून परत गेली.

तर त्या मे महिन्यात भाऊसाहेबांची सभा कोंडात ठरली. त्यांच्या प्रचाराचं सगळं काम एक गॉगलवाले कार्यकर्ते बघायचे. माझा भोंगा पंधरा दिवसांसाठी त्यांनीच ठरवला होता, आणि त्या भरवशावर मी नवीन मशीन घेतलं होतं. मी सामान घेऊन दुपारीच कोंडात पोहोचलो. सभा चार वाजता होती. फणसावर भोंगा बांधत असताना राघोदादा आले. मी त्यांना नेहमीप्रमाणे कुत्र्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. खाली बसले आणि विचारलं, "म्हंजी कागदाव आपल्या मनातलं लिवायचं?"

"तिकडे. अमेरिकेत."

"तिकडंच म्हंतो मी," ते म्हणाले.

मग त्यांनी गावकीचा निर्णय सांगितला. आमच्याकडे गावकी म्हणजे गावाची बैठक. तिचा शब्द सगळ्यांनी पाळायचा, मत कोणाला द्यायचं तेही तिथंच ठरायचं. ह्या वेळी गावकीने ठरवलं होतं की आधी गाव बोलेल, मग पाहुणा बोलेल. आणि गावातर्फे बोलणार भागाबाई. गावकीत तोवर बाईमाणूस कधी बोललेलं नव्हतं. "पन हे तिनंच बोलायला होवं," राघोदादा म्हणाले. "भोंग्याचं त्वांड तेवडं रस्त्याकडं कर. पल्याडच्या वाड्यांनाबी ऐकू ग्येलं पायजे."

मी भोंगा फिरवून रस्त्याकडे केला.

चार वाजता भाऊसाहेब आले. नदी ओलांडताना त्यांचं एक पायताण वाहून चाललं होतं, ते दोघांनी धावून पकडलं. मी मनात म्हटलं, पायताणासाठी माणसं पाण्यात उतरली, बरं झालं. राघोदादांनी गावकीचा निर्णय सांगितला. भाऊसाहेब हसून म्हणाले, "बोला बोला, लोकशाही आहे." गॉगलवाल्यांनी मात्र रस्त्याकडे पाहिलं. तिथं पलीकडच्या तीन वाड्यांची माणसं कठड्यावर येऊन बसली होती आणि एक पेपरचा बातमीदारही होता. गॉगलवाले माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

भागाबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. माईकजवळ आल्या आणि दोन्ही हातांनी स्टँड धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माईकपुढे उभ्या होत्या. आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता. मी बटण थोडं चढवलं.

"मी भागा," त्या म्हणाल्या. डोंगराने 'भागा' परत दिलं. त्या जरा दचकल्या आणि मग धीर करून म्हणाल्या, "माज्या सुनंचं..."

गॉगलवाल्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "दत्तोबा," ते हळूच म्हणाले, "पंधरा दिवस आहेत अजून." आणि तळवा खाली केला.

दोन बोटांचं काम होतं. मी बटण उतरवलं.

भोंगा बंद झाला. भागाबाईंचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी माईककडे पाहिलं, स्टँडवरचे हात झटकन काढून घेतले आणि शेजारच्या बाईला विचारलं, "माज्याकडनं मोडलं काय गो?" ते मला ऐकू आलं. त्यांना उत्तर द्यायला मी दोन हातांवर होतो.

"बॅटरी उतरली," मी मोठ्याने म्हणालो. आजवर ह्या धंद्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण ते दोन शब्द अजून जिभेवर आहेत.

भाऊसाहेब लगेच उठले. "राहू द्या मावशी. तुमचं दुःख मला न बोलता कळलं," म्हणाले आणि माईकपाशी गेले. मी वायर हलवल्यासारखं केलं आणि बटण चढवलं. बॅटरी पाऊण तास खणखणीत चालली. साकव करणार, रस्ता करणार, वीज आणणार. भोंग्याचं तोंड रस्त्याकडे होतं, तरी शेवटी डोंगराने थोडं परत दिलंच. कोणी हसलं नाही. मी समोर पाहिलं तर एकाही माणसाने काडी हातात घेतलेली नव्हती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

सामान आवरताना राघोदादा फणसाखाली आले. "लई शानी बॅटरी हाय तुजी," ते म्हणाले. "मानूस बगून चालते." येताना मशीन उचलायला चार जण धावले होते. परत जाताना मी एकट्याने तीन खेपा केल्या.

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी कचेरीबाहेर आकडे सांगायला भोंगा माझाच होता. तेव्हा सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून टेबलाटेबलावर वाटायचे. आत माझ्या ओळखीचे एक कारकून होते. अकराच्या सुमारास ते घाम पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, "दत्ता, हा साकव कोण उभा आहे रे?"

"कोण?"

"अरे, ह्या टेबलावर तीन साकव, त्या टेबलावर पाच साकव. शिक्का कुठेच नाही. पेन्सिलीने लिहिलंय, साकव. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढलंय. दोन उभ्या रेघा, वर एक आडवी. साहेब म्हणतात, ही निशाणी आपण कोणाला दिली?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कोंडाने अमेरिकेतल्या क्रेनवाल्याचं ऐकलं होतं. त्याने कुत्र्याचं नाव लिहायचं म्हटलं होतं, त्यांनी साकवाचं लिहिलं. आपल्याकडे कागदावर तशी मोकळी जागा नसते, एक रेघ जरी जास्त ओढली तरी मत बाद होतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी गावकीचा शब्द तो गावकीचा शब्द. गावाने एकजुटीने मतदान केलं आणि एकजुटीने सगळी मतं बाद झाली. कारकून जाता जाता म्हणाले, "खरं सांगू? दोन उमेदवारांपेक्षा साकवाला जास्त आहेत." भाऊसाहेब पडले. अर्थात ते साकवामुळे पडले नाहीत, स्वतःच्याच गुणांनी पडले. पुढच्या निवडणुकीला ते चौथ्या पक्षात होते.

मी ही साकवाची गोष्ट नंतर कितीतरी वर्षं रंगवून सांगितली. हुसेनचाचांनी तर ती भाच्याला कळवली, आणि भाच्याने ती म्हणे त्या क्रेनवाल्याला सांगितली. तो खूप हसला म्हणे. पण मी ती सांगताना नेहमी मोजणीपासून सुरू करायचो. सभेपासून कधी केली नाही.

त्यानंतर त्या खोऱ्यातल्या एकाही लग्नात माझा भोंगा वाजला नाही. कोणी काही बोललं नाही, भांडलं नाही. बाजारात भेटले तर रामराम करायचे. पण हळद असो की पूजा, पोलादपूरच्या दुसऱ्या कोणाचा तरी भोंगा जायचा आणि तो भोंगा माझ्यापेक्षा वाईट वाजायचा, हे माझं दुःख निराळंच.

पाच पावसाळे गेले. एक दिवस राघोदादा माझ्या दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मशीनवर एक सुपारी ठेवली. आमच्याकडे सुपारी ठेवली म्हणजे आमंत्रण.

"साकव झाला," ते म्हणाले. "मुंबयला कामाला असलेल्या आमच्या पोरांनी हातभार लावला, पंचायतीकडनं लोखंड मिळालं, वाळू आमी वाहिली. येत्या रविवारी चालू करायचा. भोंगा तुजा."

मला इतका आनंद झाला की मी लगेच वायर शोधायला लागलो. ते म्हणाले, "थांब. गावकीनं दंड ठरवलाय."

"काय तो सांगा. भरतो."

"भागाबायला खरं सांगायचं. तुज्या त्वांडानं, मशीनीव."

"म्हणजे त्यांना अजून माहीत नाही?"

"तिला वाटतं, तिच्या आवाजानं मशीन बिगाडली. पाच वर्सं झाली, भजनालाबी त्वांड उगडत नाय ती. म्हंते, माजा आवाज अपशकुनी हाय."

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आमी बटन फिरावलं होतं काय?" राघोदादा म्हणाले. "ज्याचं त्यानं सांगायचं. तू येशील आज, येशील उद्या, म्हनून गाव वाट बगत ऱ्हायला. तू लई दिवस लावलंस रे."

तो आठवडा मला झोप नीट लागली नाही. बायकोला वाटलं, पित्त झालंय. तिने मला आमसुलाचं सार पाजलं.

रविवारी मी कोंडात गेलो. मशीन घेऊन साकवावरून चालत गेलो. दोन माणसं जेमतेम शेजारी शेजारी जातील एवढा रुंद, आणि खाली नदी. पुढारी एकही नव्हता. गावकीने कोणाला बोलावलंच नव्हतं. नारळ फोडला तो राघोदादांनी, आणि त्या जुन्या खडकावर नाही, साकवावर.

भागाबाई पुढेच बसल्या होत्या. पाच वर्षांत वाळल्या होत्या. मी माईकपुढे उभा राहिलो. बावीस वर्षांत 'हॅलो, हॅलो' सोडून मी स्वतः माईकमधून काही बोललो असेन तर ते त्या दिवशी. मी म्हणालो, "मागल्या सभेत बॅटरी उतरली नव्हती. बटण मी उतरवलं होतं, सांगण्यावरून. मशीन बिघडलं नव्हतं. भागामावशीच्या आवाजात काही वाईट नव्हतं. वाईट मी केलं."

मला वाटलं, कोणीतरी शिवी घालावी, म्हणजे सुटेन. भागाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या बाईच्या खांद्याला धरून उठल्या, हळूहळू माईकपाशी आल्या. मी बाजूला झालो.

"मंग आता लाव," त्या म्हणाल्या.

मी बटण चढवलं, शेवटपर्यंत. मशीनने शिट्टी मारली. आयुष्यभर ज्या शिट्टीला मी घाबरलो, ती मारू दिली. भागाबाईंनी ह्या वेळी स्टँडला हात लावला नाही.

"मी भागा," त्या म्हणाल्या. "माज्या सुनंचं नाव सुंदरा. ती ह्या पान्याकाटी ग्येली. आमाला साकव होवा."

आणि खाली बसल्या. डोंगराने 'होवा' परत दिलं.

मला वाटलं, अजून बोलतील. मी बटणावर हात ठेवून वाट पाहत राहिलो. पण त्यांचं बोलून झालं होतं. तेव्हाही एवढंच सांगायचं होतं त्यांना, पाच वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेले तेच शब्द. घड्याळ लावलं असतं तर अर्धं मिनिट भरलं नसतं. त्या अर्ध्या मिनिटाला भाऊसाहेब घाबरले होते, गॉगलवाले घाबरले होते, आणि मीही घाबरलो होतो.